जॅझच्या जुन्या तबकड्या: ऐकण्यापासून सांभाळण्यापर्यंत

मुंबईच्या चोर बाजारातून मी पहिल्याच फेरीत अकरा एलपी, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या मोठ्या तबकड्या, घरी आणल्या होत्या. त्यांतल्या दोन जॅझच्या नव्हत्याच, तीन कव्हरांच्या आत भलत्याच तबकड्या निघाल्या आणि दोन इतक्या झिजलेल्या होत्या की ट्रम्पेट वरच्या स्वरांत गेला की नुसती खरखर ऐकू येई. उरलेल्या चार मी आजही लावतो. बाकीच्या सातांवर गेलेले पैसे वाचवता आले असते, फक्त काय बघायचे आणि कोणत्या क्रमाने बघायचे हे कोणीतरी आधी सांगायला हवे होते. ते मी येथे सविस्तर लिहीत आहे. जॅझ नुकतेच ऐकू लागलेल्या आणि जुन्या तबकड्या घेण्याची ओढ लागलेल्या वाचकांनी पायऱ्यांचा क्रम शक्यतो बदलू नये, कारण पहिल्या तीन पायऱ्यांमध्ये बाजारात जाण्याचा प्रश्नच येत नाही.

१. आधी कान तयार करावा

एकच रचना घ्यावी आणि ती आठवडाभर ऐकावी. माझी शिफारस माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ सालच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या एलपीमधील ‘फ्रेडी फ्रीलोडर’ची आहे. ही बारा बारांची ब्लूज रचना आहे. बार म्हणजे मात्रांचा एक गट. एका बारात चार मात्रा, म्हणजे एक फेरी अठ्ठेचाळीस मात्रांची होते. विलंबित एकताल ज्यांनी मोजलेला आहे, त्यांना ही संख्या ओळखीची वाटेल. लय मात्र येथे पुष्कळ जलद आहे. ही फेरी म्हणजेच आवर्तन. सुरुवातीची धून संपल्यावर प्रत्येक वादक याच आवर्तनावर उपज करतो आणि त्यांचा क्रम असा आहे: पियानोवर विंटन केली, मग ट्रम्पेटवर डेव्हिस, मग टेनर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन, मग आल्टो सॅक्सोफोनवर कॅननबॉल अ‍ॅडरली आणि शेवटी डबल बासवर पॉल चेंबर्स.

पहिल्या दिवशी फक्त मात्रा मोजाव्यात आणि आवर्तन कोठे सुरू होते ते पकडावे. दुसऱ्या दिवशी बाकी सगळे सोडून फक्त बास ऐकावा. चेंबर्स मात्रेमात्रेला एक स्वर ठेवत चालत असतात आणि साऱ्या इमारतीचा भार त्या चालीवर असतो. तिसऱ्या दिवशी ड्रमच्या झांजेकडे लक्ष द्यावे. आपली टाळी स्वाभाविकपणे पहिल्या मात्रेवर पडते, येथे मात्र दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जोर असतो. हे अंगात मुरायला मला महिना लागला, आणि ते मुरल्यावर जॅझची झुलती लय म्हणजे काय ते समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

त्यानंतर त्याच एलपीवरील ‘सो व्हॉट’ ऐकावे. हे बत्तीस बारांचे आवर्तन आहे. पहिले सोळा बार ज्या स्वरसप्तकात आहेत, ते आपल्या काफी थाटाचेच, म्हणजे गंधार आणि निषाद कोमल. पुढचे आठ बार अख्खे सप्तक अर्ध्या स्वराने वर सरकते आणि शेवटच्या आठ बारांत पुन्हा खाली येते. आपल्या संगीतात षड्ज हलत नाही, त्यामुळे हा सरकण्याचा क्षण मराठी कानाला चटकन जाणवतो. येथून पुढे स्वरसंगतीने सतत पालटणाऱ्या रचना ऐकायला घेतल्या तर त्या जड जात नाहीत. मात्र रागसंगीताशी साम्य शोधण्याचा हट्ट फार ताणू नये. तो दार उघडण्यापुरता उपयोगी पडतो.

२. कव्हरच्या मागची बाजू वाचायला शिकावे

जॅझमध्ये साथीदारांची नावे मुख्य नावाइतकीच मोलाची असतात. चांगल्या एलपीच्या मागच्या बाजूला कोणते वाद्य कोणी वाजवले, ध्वनिमुद्रण कोणत्या तारखेला झाले आणि ध्वनिमुद्रक कोण होता, हे छापलेले असते. या यादीतले एक नाव धरावे आणि पुढच्या तबकडीपर्यंत जावे. वर आलेले पॉल चेंबर्स कोल्ट्रेन यांच्या ‘ब्लू ट्रेन’मध्ये आहेत आणि ‘जायंट स्टेप्स’मध्येही आहेत, अ‍ॅडरली यांच्या १९५८ सालच्या ‘समथिंग एल्स’मध्ये स्वतः डेव्हिस साथीदार म्हणून वाजवतात. असा धागा धरून चालले की बाजारात ढिगापुढे उभे राहिल्यावर अनोळखी कव्हरही अर्धे ओळखीचे वाटते. मी यासाठी एक वही ठेवली आहे: डाव्या पानावर ऐकलेली तबकडी, उजव्या पानावर तिच्यातल्या वादकांची नावे. बाजारात ही वही पाकिटाइतकीच जवळ बाळगतो.

ज्या कव्हरवर वादकांची नावेच नाहीत, फक्त एका वाद्यवृंदाचे नाव आणि नाचणाऱ्या जोडप्याचे चित्र आहे, ती तबकडी बहुधा हलक्याफुलक्या नृत्यसंगीताची असते. विक्रेता तिला जॅझ म्हणतो ते फसवण्यासाठी नव्हे. इंग्रजी वाद्यसंगीताला सरसकट जॅझ म्हणण्याची बाजारात रीत आहे. माझ्या जॅझ नसलेल्या दोन तबकड्या याच जातीच्या होत्या.

३. प्लेअर आधी घ्यावा आणि नीट लावावा

जुन्या बाजारात सुटकेससारखे मिटणारे प्लेअर स्वस्तात मिळतात आणि दिसायलाही देखणे असतात, परंतु त्यांचे सिरॅमिक कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) तबकडीवर चार-पाच ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक भार टाकते. आजच्या साध्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला दीड ते दोन ग्रॅम पुरतात. जड सुई चांगली तबकडी कायमची खराब करते, म्हणून टोनआर्मला, म्हणजे सुईच्या दांड्याला, मागे फिरते वजन असलेला टर्नटेबलच घ्यावा, मग तो जुना असला तरी चालेल. जुना घेतल्यास सुई आणि रबरी पट्टा नवीन बसवावा. भार मोजण्याचा छोटा काटा मिळतो, तो विकत घ्यावा. डोळ्यांच्या अंदाजाने वजन लावू नये. मॅग्नेटिक कार्ट्रिजला फोनो प्रीअ‍ॅम्प्लिफायर लागतो. तो अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आहे का, ते आधी तपासावे, नाहीतर आवाज अगदी बारीक आणि बासहीन येतो आणि आपण तबकडीला दोष देत बसतो.

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांसाठी सुई वेगळी लागते. त्यांची खाच रुंद असते आणि तिला साधारण ३ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) टोकाची सुई हवी. एलपीची सुई १ मिल किंवा त्याहूनही बारीक असते. एलपीच्या सुईने ७८ची तबकडी लावली तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखरीशिवाय फारसे काही हाती लागत नाही.

४. आपल्याकडे काय सापडते, ते समजून घ्यावे

ही पायरी मला सर्वांत प्रिय आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मुंबईत जॅझ बाहेरून नुसते तबकड्यांवाटे आले नाही. लिऑन अ‍ॅबी यांचा आफ्रिकी-अमेरिकन वादकांचा बँड १९३५ साली ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला, त्यांच्यामागून क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. वेदरफोर्ड पुढे कोलकात्यात राहिले आणि १९४५ साली तेथेच कॉलऱ्याने वारले. या मंडळींच्या शेजारी वाजवून तयार झालेले वादक प्रामुख्याने गोव्याचे होते. गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत, त्यामुळे कागदावर लिहिलेले संगीत वाचून वाजवणे त्यांना लहानपणापासून येत असे. बार्देशातल्या हळदोण्याचे आंतोनियो शाव्हिएर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवत. सी. रामचंद्र यांच्याबरोबर त्यांनी चित्रपटसंगीतात काम केले आणि भगवानदादांच्या १९५१ सालच्या ‘अलबेला’त त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो.

या इतिहासाचा खरेदीशी थेट संबंध आहे. जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या ७८च्या गठ्ठ्यांत मुंबई-कोलकात्याच्या नृत्यबँडच्या तबकड्या मिसळलेल्या असतात. लेबलवर गाण्याच्या नावाखाली ‘फॉक्सट्रॉट’ (जोडीने करायचा एक पाश्चात्त्य नाच) असे छापलेले दिसले की ती तबकडी बाजूला काढावी. ती जॅझ असेलच असे नाही, पण गोव्याच्या वादकांचे जुने काम अशाच तबकड्यांत मिळण्याचा संभव असतो. दहा इंची ७८च्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत, म्हणून त्या काळच्या एकट्या वादकाची उपज आठ-सोळा बारांत आटोपते. ती तोकडी वाटली तर दोष वादकाला देऊ नये.

एलपींमध्ये तीन प्रकार भेटतात. पहिला, भारतात छापलेल्या तबकड्या: कोलकात्याजवळ डमडमच्या कारखान्यात ग्रामोफोन कंपनीने छापलेल्या, पुढे पॉलिडॉर आणि सीबीएसच्या. लुई आर्मस्ट्राँग, ड्यूक एलिंग्टन, डेव्ह ब्रुबेक या अमेरिकी जॅझ वादकांच्या अशा प्रती नवख्यांसाठी उत्तम, कारण त्या परवडतात आणि त्या खराब झाल्या तरी फार हळहळ वाटत नाही. दुसरा प्रकार म्हणजे बोटीवर नोकरी केलेल्या किंवा परदेशी राहिलेल्या माणसांनी आणलेल्या अमेरिकी आणि ब्रिटिश प्रती. घर रिकामे होते तेव्हा त्या पेटीसकट बाजारात येतात. तिसरा, आपल्या वादकांच्या एलपी, जसे गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांची १९७० सालची ‘रागा रॉक’. अशा तबकड्या फार थोड्या निघाल्या, म्हणून भाव चढे असतात. नवख्याने त्यांच्या मागे लागू नये.

५. बाजारात जाण्यापूर्वी सोबत घ्यायच्या वस्तू

वहीखेरीज पुढील वस्तू घ्याव्यात:

- पांढऱ्या प्रकाशाची लहान टॉर्च
- मऊ, कोरडे सुती फडके
- एलपी न वाकता राहील अशी, तळ सपाट असलेली कापडी पिशवी आणि तळाला घालायला पुठ्ठा
- कागदी किंवा धूळ न धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या चार-पाच नव्या आतल्या पिशव्या
- सुट्ट्या नोटा, आणि आज किती खर्च करायचा त्याचा वहीत आधीच लिहिलेला आकडा

६. कोठे आणि केव्हा जावे

मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट हे जुने ठिकाण आहे. शुक्रवारी तेथील दुकाने बंद असतात आणि रस्त्यावर वेगळाच बाजार भरतो, तेव्हा दुकानदाराशी बसून निवांत निवडायचे असेल तर तो वार टाळावा. भेंडी बाजाराच्या परिसरात पुनर्विकासाचे काम चालू असल्याने दुकानांच्या जागा बदलतात, म्हणून विचारत जावे. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तेथे जॅझ क्वचित, पण प्लेअरचे सुटे भाग मिळतात. कोलकात्याला जाणे झाले तर फ्री स्कूल स्ट्रीटवर एक दुपार जरूर राखून ठेवावी. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना धर्मादाय दुकानांतून चांगल्या प्रती मिळू शकतात. भारतात आणताना त्या सामानात न टाकता हातातच ठेवाव्यात.

दुकानदाराशी वागण्याविषयी एकच सांगतो: पहिल्या भेटीत निवडून झाल्यावर उरलेल्या तबकड्या होत्या त्याच क्रमाने, उभ्या परत ठेवाव्यात. माझे नेहमीचे चाचा, ज्यांच्याकडे मी आता नऊ वर्षे जातो, त्यांनी आतली पेटी मला तिसऱ्या भेटीत दाखवली, आणि तेव्हा त्यांनी सांगितलेले कारण हेच होते. ढीग विस्कटून जाणाऱ्यांना ते ती पेटी दाखवत नाहीत. घासाघीस जरूर करावी, पण एकेका तबकडीवर न करता निवडलेल्या साऱ्या एकत्र ठेवून एकदाच भाव बोलावा.

७. तबकडी हातात घेऊन तपासावी

येथे घाई केली की सगळे फसते. तपासणीचा माझा क्रम असा आहे.

आधी लेबल आणि कव्हर जुळते का ते पाहावे, दोन्ही बाजूंचे. नाव जुळून भागत नाही, क्रमांकही जुळायला हवा. लेबल आणि शेवटची खाच यांच्यामध्ये जी गुळगुळीत पट्टी असते, तिच्यावर मूळ साच्याचा क्रमांक कोरलेला असतो. तो वहीत उतरवावा. परदेशी प्रतीवर या पट्टीत ‘आरव्हीजी’ ही इंग्रजी आद्याक्षरे किंवा ‘व्हॅन गेल्डर’ हा शिक्का दिसला तर ती साचाकापणी ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांची असते, आणि अशी प्रत शक्यतो सोडू नये.

मग मधल्या छिद्राकडे पाहावे. हे मला फार उशिरा कळले. टर्नटेबलच्या खुंटीवर तबकडी बसवताना छिद्राभोवती लेबलवर केसाएवढ्या बारीक रेघा उमटतात. रेघा तीन-चारच असतील तर तबकडी कमी वाजलेली आहे. छिद्राभोवती कोळ्याचे जाळे असेल तर वरून ती कितीही चमकत असली तरी पुष्कळ झिजलेली असणार. तबकडी पुसून चमकवता येते, लेबलवरच्या रेघा पुसता येत नाहीत.

त्यानंतर दुकानातल्या पिवळ्या बल्बखाली पाहणे थांबवून तबकडी दाराशी, उजेडात न्यावी. तळवे कडेला आणि बोटे लेबलला, एवढाच स्पर्श. ती डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून हळूहळू कलती करावी. निरोगी खाचांवरून उजेडाचा एक अखंड काळा-रुपेरी पट्टा फिरतो. जेथे तो पट्टा राखी, पावडर लावल्यासारखा दिसतो, तेथे जड सुईने खाच खाल्लेली असते. जॅझमध्ये ही झीज ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या जोरकस जागी आधी दिसते, आणि तबकडीच्या आतल्या भागात, लेबलजवळ, अधिक असते. ही झीज धुऊन जात नाही.

ओरखडा दिसला तर नखाच्या टोकाने त्यावरून अगदी हलकेच आडवे जावे. नखाला जाणवला तर तो ऐकूही येणार: एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे दर १.८ सेकंदांनी एक टिचकी. नखाला न जाणवणाऱ्या केसासारख्या रेघा बहुधा निरुपद्रवी असतात. शेवटी तबकडी कडेने पाहून वाक तपासावा.

एक जुना सापळा छापील आहे. १९५७-५८ पूर्वीच्या एकेरी ध्वनिमुद्रणांना नंतर कृत्रिमपणे दोन कर्ण्यांत वाटून विकले गेले. कव्हरवर ‘इलेक्ट्रॉनिकली रीप्रोसेस्ड’ असे शब्द दिसले की ती प्रत ठेवून द्यावी आणि तीच तबकडी मोनोमध्ये शोधावी. आर्मस्ट्राँग यांच्या १९२५ ते १९२८ या काळातल्या ‘हॉट फाइव्ह’ आणि ‘हॉट सेव्हन’च्या मुद्रणांबाबत हे विशेष लक्षात ठेवावे.

‘काइंड ऑफ ब्लू’ची जुनी प्रत मिळाली तर आणखी एक गोष्ट माहीत असावी. मुद्रणयंत्राच्या वेगातल्या फरकामुळे पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना मूळ वेगापेक्षा किंचित जलद, म्हणून किंचित चढ्या स्वरात छापल्या गेल्या आणि ही चूक १९९२च्या आवृत्तीत सुधारली गेली. हार्मोनियमवर स्वर लावून पाहणाऱ्याला आपला टर्नटेबल बिघडला असे वाटते. मी स्वतः त्या संशयाने वेगाची चाचणी तीन वेळा केली होती.

८. ऑनलाइन खरेदी करताना

दर्जासाठी मिंट, नियर मिंट, व्हीजी प्लस, व्हीजी अशी उतरती अक्षरे वापरतात. व्हीजी म्हणजे ‘व्हेरी गुड’, पण त्या अर्थावर जाऊ नये. अशा तबकडीत खरखर ठळक ऐकू येते. हळुवार पियानोच्या तबकडीसाठी व्हीजी प्लसखाली जाऊ नये, मोठ्या बँडच्या तबकडीत थोडी खरखर खपून जाते. विक्रेत्याला तबकडी कव्हरबाहेर काढून, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून पाठवायला सांगावे, नाहीतर प्रवासात तिची कड कव्हरची शिवण फाडून बाहेर येते. परदेशातून मागवताना सीमाशुल्क आणि टपालखर्च धरूनच भाव ठरवावा.

९. धुणे

एलपीसाठी डिस्टिल्ड पाणी, त्यात भांड्याच्या सौम्य द्रावणाचे दोन-तीन थेंब आणि मऊ ब्रश पुरतो. लेबल भिजू न देता खाचांच्या दिशेने गोल फिरवत पुसावे, साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसावे आणि सावलीत उभी वाळवावी.

७८च्या तबकडीला मात्र स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेले कोणतेही द्रावण लावू नये. ही तबकडी शेलॅकची, म्हणजे लाखेची असते, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. माझ्याकडे एक फॉक्सट्रॉट होता. स्पिरिटचा बोळा फिरवला तेव्हा बोळ्यावर काळा रंग उतरला, तबकडीवर मॅट राखी डाग पडला आणि त्या जागी संगीत नाहीसे झाले. तशी दुसरी प्रत मला आजवर मिळालेली नाही.

१०. पावसाळा आणि साठवण

तबकड्या नेहमी उभ्या ठेवाव्यात, एकीवर एक रचू नयेत. शंभर एलपींचे वजन वीस किलोंच्या वर जाते, तेव्हा फळी जाड असावी आणि ती पश्चिमेच्या भिंतीला टेकलेली नसावी. आपल्याकडे पावसाची ओल बहुधा त्याच भिंतीत उतरते. जुन्या मऊ पीव्हीसीच्या आतल्या पिशव्या तबकडीला चिकटून धुरकट डाग सोडतात, त्या पहिल्याच दिवशी काढून टाकाव्यात. बाजारातून आणलेली तबकडी न धुता इतरांच्या शेजारी ठेवू नये, कारण कव्हरमधली बुरशी शेजाऱ्यांकडे जाते. पांढरे ठिपके दिसले तर कव्हर गच्चीवर नेऊन कोरड्या फडक्याने पुसावे आणि तासभर सावलीतल्या वाऱ्यावर ठेवावे. तबकडी मात्र उन्हात एक मिनिटही नेऊ नये.

जून ते सप्टेंबर कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि दर पंधरा दिवसांनी त्या बदलाव्यात. मी पुडी बदलण्याच्या दिवशी प्रत्येक कप्प्यातली एक तबकडी बाहेर काढतो, दाराशी नेऊन उजेडात कलती करून पाहतो आणि मग लावतो.